पगार किती ते नंतर, आधी रात्री किती ते विचार

माझी भाची डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची सुपर स्पेशालिटीची पदवी, संपवून पुढच्या महिन्यात बाहेर पडतेय. नवजात बाळांची डॉक्टर. गेल्या रविवारी मुलुंडला आमच्या घरी आली ती हातात दोन ऑफर घेऊनच. एक मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयाची, महिना सव्वादोन लाख. दुसरी जळगावच्या एका रुग्णालयाची, महिना चार लाख आणि वर राहायला फ्लॅट. "मावशी, हिशोब तर सरळ दिसतोय. मग माझ्या बॅचचे सगळे मुंबई सोडू नकोस असं का सांगतायत?" तिची आई, माझी थोरली बहीण, मध्येच म्हणाली, "तेहतिशीची झाली. हिच्या वर्गातल्या इंजिनिअर झालेल्या मुलींची घराची कर्जं फिटत आली, आणि ही आत्ता पहिला पगार ठरवतेय."

मीही नवजात बाळांचीच डॉक्टर, हे काम २२ वर्षं करतेय. त्या दुपारी आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर जे गणित मांडलं, ते इथे लिहून ठेवते. बारावीतल्या मुलांचे आईवडील आणि एमडी करणारी मुलं मला या शाखेतल्या कमाईचा हाच प्रश्न विचारत असतात, आणि दर वेळी उत्तर अर्धवट राहतं.

आधी काम काय आहे ते बघू, कारण पगाराचं सगळं कोडं त्यातच आहे. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतचं बाळ म्हणजे नवजात. पोटात ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलं तर ते अपुऱ्या दिवसांचं. आपल्याकडे अशी बाळं किती असतात? २०२० साली भारतात अंदाजे ३० लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, म्हणजे जवळजवळ दर आठ बाळांमागे एक. यातली बहुतेक थोडीच लवकर आलेली असतात, त्यांना ऊब, दूध आणि नीट लक्ष एवढं पुरतं. खरी कसोटी २८-३० आठवड्यांच्या बाळांची. वजन किलोभर. फुप्फुसातले हवेचे फुगे उघडे राहावेत म्हणून शरीर सरफॅक्टंट नावाचा एक निसरडा थर बनवतं, तो या बाळांमध्ये पुरेसा तयार झालेला नसतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाला फुगा पुन्हा चिकटतो आणि बाळ दमून जातं. मग सरफॅक्टंटच औषध म्हणून नळीतून थेट फुप्फुसात सोडायचं, नाकातून दाबाने हवा द्यायची, केसासारख्या नसेत सुई घालायची. मेंदूतल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटण्याचा धोका पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त, म्हणून त्या काळात बाळाला हात लावायचा तोही मोजून मापून. काही बाळं झोपेत श्वास घ्यायलाच विसरतात, त्यांना आम्ही कॅफिन देतो, कॉफीतलंच. दूध सुरू करायचं ते एकेका मिलिलिटरने.

लोक याला "बाळाला पेटीत ठेवलंय" म्हणतात. पेटी ऊब देते. बाकीचं सगळं माणसं करतात, आणि ती माणसं रात्री तीन वाजताही जागी असावी लागतात. सातव्या महिन्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं अजूनही आजीमंडळी सांगतात. ते खरं नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो.

आता वर्षांचा हिशोब. एमबीबीएस साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. मग नीट पीजी ही प्रवेशपरीक्षा, आणि बालरोगात एमडी किंवा तिच्या तोडीच्या डीएनबीची तीन वर्षं. त्यानंतर नीट सुपर स्पेशालिटी ही आणखी एक परीक्षा, आणि नवजातशास्त्रात डीएम किंवा तिच्या तोडीच्या डीआरएनबीची आणखी तीन. सरकारी किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून शिकलात तर बंधपत्राची, म्हणजे लिहून दिल्याप्रमाणे करायची सरकारी सेवा वेगळी. मध्ये एखादी परीक्षा हुकली तर एक वर्ष गेलं. सगळं वेळच्या वेळी झालं तरी तिशी ओलांडते, आणि बत्तीस-तेहतीस हे नेहमीचं वय. बहिणीचं म्हणणं म्हणून खोटं नव्हतं. फक्त या वर्षांत अगदीच हात रिकामे नसतात, निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं. मुंबईत घरभाडं, खाणं आणि घरी थोडे पैसे पाठवणं एवढं त्यात भागतं, साठत काही नाही.

एक छोटी वाटही आहे. एमडीनंतर वर्षभराची फेलोशिप. खासगी रुग्णालयांत ती चालते, आणि माझ्या ओळखीची कितीतरी उत्तम माणसं याच वाटेने आली आहेत. मात्र वैद्यकीय महाविद्यालयात नवजात विभागाची शिक्षक व्हायचं असेल तर डीएम किंवा डीआरएनबी हवीच. मोठ्या रुग्णालयात विभागप्रमुख नेमतानाही हल्ली तीच पाहतात. हातात वय आणि घरचा आधार असेल तर डीएम करावं असं माझं स्पष्ट मत आहे. पैशासाठी नाही, तर त्या तीन वर्षांत इतकी बाळं हाताखालून जातात की पुढे एकटीने निर्णय घ्यायची वेळ आली तर हात थरथरत नाही. त्यातून मुंबईत शिकणं हे भाग्य. परळचं केईएम, वाडिया, सायनचं लोकमान्य टिळक. सायनमध्ये १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध निर्जंतुक करून दुसऱ्या आईच्या किलोभर बाळाला द्यायचं, ही कल्पना धारावीच्या शेजारच्या गर्दीने भरलेल्या महापालिकेच्या वॉर्डात रुजली. पैसा नसताना बाळ कसं वाचवायचं, हे या वॉर्डांइतकं दुसरीकडे शिकायला मिळत नाही.

भाचीला मी पहिला प्रश्न विचारला तो रात्रींचा. मुंबईच्या युनिटमध्ये, म्हणजे नवजातांच्या अतिदक्षता विभागात, तुझ्यासारखे किती? चार. म्हणजे महिन्याच्या तीस रात्री चौघांत वाटल्या की प्रत्येकीच्या वाट्याला सात-आठ. आणि जळगावला? "मी एकटीच, मावशी. दोन बालरोगतज्ज्ञ आहेत, पण व्हेंटिलेटरची बाळं माझ्याकडे." म्हणजे तीसच्या तीस रात्री. कागदावर सुट्टी असली तरी फोन उशाशी. आता भाग द्या. सव्वादोन लाखांना साडेसात रात्रींनी भागलं तर रात्रीला तीस हजार. चार लाखांना तीसने भागलं तर साडेतेरा हजारही होत नाहीत. दिवसाचं काम दोन्हीकडे सारखंच धरलंय. हा भागाकार मांडल्यावर भाची बराच वेळ गप्प बसली.

हा भागाकार काही शेवटचा शब्द नाही, पण आमच्या शाखेत तोच पहिला असायला हवा. त्वचारोगाचा डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून घरी जातो. हृदयविकाराच्या डॉक्टरला रात्री बोलावणं येतं, पण एका रुग्णासाठी, आणि बहुधा दोन तासांत त्याचं काम संपतं. आमचं बाळ आठ-आठ, दहा-दहा आठवडे आमच्याकडे असतं आणि त्याची तब्येत कधीही फिरते. आम्हाला पैसे मिळतात ते हजर राहण्याचे. शस्त्रक्रिया नाही, महागडा स्टेंट नाही, एका तासात मोठं बिल होईल असं काही नाही. म्हणून हृदयविकार किंवा हाडांच्या डॉक्टरांच्या मानाने आमची कमाई बसकीच असते, आणि बालरोगातल्या सगळ्या शाखांची हीच कथा. ज्याला झपाट्याने पैसे कमवायचे आहेत त्याने इथे येऊ नये, हे मी एमडीच्या मुलांना तोंडावर सांगते.

तरी आकडे हवेतच. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्यासमोर आलेल्या ऑफरवरून सांगते. मुंबईत नुकतंच डीएम झालेल्याला महिना दोन ते साडेतीन लाख. फेलोशिपवाल्याला त्याहून कमी, दीड-दोनच्या आसपास. पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर चार-पाच लाख. स्वतःच्या नावावर बाळं येऊ लागली, युनिट आपल्या नावाने ओळखलं जाऊ लागलं की सात-आठ लाख आणि पुढेही. पण तिथे पोचणारे मोजके. जिल्ह्याच्या ठिकाणी सुरुवातच तीन ते पाच लाखांनी होते, कारण तिकडे माणूस मिळत नाही. मुंबईत सुरुवातीचा आकडा कमी राहतो याचं कारण साधं आहे: इथे राहू इच्छिणारे डॉक्टर जास्त, शाळा, नवऱ्याची नोकरी, आईवडील, सगळं इथेच. आणि त्या कमी पगारातून परळ-दादरच्या आसपास छोट्या घराचं भाडं द्यायचं तर पन्नास-साठ हजार सहज जातात. जळगावचा फ्लॅट फुकट होता, हे विसरून चालणार नाही.

आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं तो आकडा कुठल्या रीतीने मिळतोय ते. इथे तरुण डॉक्टर सर्रास फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली रीत सरळ पगाराची. प्रॉव्हिडंट फंड, रजा, सगळं नोकरीसारखं. खासगीत ती दुर्मीळ होत चाललीय. दुसरी रीत कन्सल्टंटची. करारावर तुम्ही कर्मचारी नसता, व्यावसायिक असता. मानधनातून १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. नोकरीतल्या बाईला कायद्याने २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा मिळते, कन्सल्टंटला तो कायदा लागू होत नाही. माझ्या भाचीचं लग्न होऊन दोन वर्षं झालीत. दिवसभर दुसऱ्यांच्या ओल्या बाळंतिणींना "आईने बाळाजवळ राहायला हवं" असं सांगणाऱ्या मुलीला स्वतःच्या वेळी सहा आठवड्यांत कामावर परतावं लागतं, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी तीनदा पाहिलंय. म्हणून करारात बाळंतपणाच्या रजेची ओळ लिहून घे, असं मी तिला बजावलं. मागितली तर काही रुग्णालयं देतात. न मागता कुणीच देत नाही.

तिसरी रीत मिनिमम गॅरंटीची, आमच्या बोलण्यात एमजी. रुग्णालय म्हणतं, पहिलं वर्ष महिना तीन लाख नक्की, त्यानंतर तुमच्या बिलांवर. म्हणजे काय? समजा एका बाळाचं दिवसाचं बिल १५ हजार झालं. त्यात खाट, सिस्टर, मशीन, औषधं, तपासण्या हे सगळं आलं. डॉक्टरच्या भेटीची फी त्यातली समजा दोन हजार, आणि त्यातला ठरलेला हिस्सा रुग्णालय ठेवतं. पहिल्या वर्षी युनिटमध्ये रोज पाच बाळं असतील तर उत्तम. दुसऱ्या वर्षी समोरच्या रस्त्यावर नवं युनिट उघडलं आणि बाळं दोनवर आली, तर तुमची कमाई निम्म्याच्याही खाली. तुमचं काम मात्र तेवढंच, कारण दोन बाळांसाठीही रात्रभर थांबावं लागतं. त्यात विमा कंपनीने बिल कापलं की ती कात्री बहुधा डॉक्टरच्या फीवरही चालते, आणि पैसे हातात पडायला दोन-तीन महिने लागतात. मी माझ्या पहिल्या नोकरीत एमजीचा करार न वाचता सही केली होती. तेराव्या महिन्यात हातात आलेली रक्कम पाहून सासऱ्यांकडून घराचा हप्ता उसना घ्यावा लागला. रुग्णालयाने काही लपवलं नव्हतं, सगळं तिसऱ्या पानावर छापलेलं होतं.

चौथी रीत फिरत्या डॉक्टरची. घाटकोपर, भांडुप, ठाणे, डोंबिवली इथल्या छोट्या प्रसूतिगृहांत सिझर असलं की बाळासाठी बोलावणं येतं. एका कॉलचे तीन-चार हजार. महिन्याला चाळीस-पन्नास कॉल करणारी तरुण मुलं आहेत आणि त्यांची कमाई डीएमवाल्या पगारदारापेक्षा जास्तही असते. पण एक बाळ भांडुपला निळं पडलेलं असताना दुसरं सिझर ठाण्यात सुरू झालं, तर तुमचे दोन भाग होत नाहीत. आणि इथेच दुसरा एक विषय येतो. कॉल देणारा स्त्रीरोगतज्ज्ञ कधी उघड, कधी आडून हिस्सा मागतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रुग्ण पाठवण्याचं कमिशन देणं आणि घेणं, दोन्हीला मनाई आहे. राज्य सरकारने २०१७ साली कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदाही तयार केला होता. एकदा दिलं की ते पैसे शेवटी बाळाच्या बापाच्या बिलातूनच निघतात. तो बाप बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून आलेला असतो. नाही म्हटल्यावर माझे सुरुवातीला काही कॉल बंद झाले. नंतर जे डॉक्टर राहिले त्यांच्याबरोबर अजून काम करतेय.

पालकांच्या खिशाचा प्रश्न आमच्या कमाईशी थेट जोडलेला आहे. बऱ्याच आरोग्य विम्यांत बाळ ९० दिवसांचं होईपर्यंत त्याला संरक्षण नसतं, आणि आमचं बाळ तर पहिल्याच दिवशी दाखल होतं. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नवजातांच्या उपचारांची पॅकेजेस आहेत आणि कुटुंबाचं वार्षिक संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलंय. योजनेत असलेल्या रुग्णालयात काम केलं तर फी कमी पडते, पण बाळं अर्ध्यातून घरी नेली जात नाहीत. बिल भरता येत नाही म्हणून सुधारत असलेलं बाळ सही करून घेऊन जाणारा बाप ज्याने एकदा पाहिलाय, त्याला या फरकाची किंमत कळते.

पुढे काय, हेही बघायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईला सरासरी १.७ मुलं होती, म्हणजे बाळंतपणं कमी होत चाललीत. मुंबईतली काही छोटी प्रसूतिगृहं बंद पडताना मी पाहिली. मग आमची गरज संपेल का? मला तसं वाटत नाही. लग्नं उशिरा, पहिलं मूल पस्तिशीला, टेस्ट ट्यूबमुळे जुळी, आईला रक्तदाब आणि साखर. बाळं कमी, पण त्यातली लवकर येणारी आणि जपावी लागणारी जास्त. मात्र ही सगळी कामं मोठ्या युनिटकडे सरकतील. नर्सिंग होमच्या पहिल्या मजल्यावर बाळाला ऊब देणारे चार वॉर्मर मांडून स्वतःचं एनआयसीयू, म्हणजे नवजातांचा अतिदक्षता विभाग, काढायचं, हे माझ्या पिढीचं स्वप्न मुंबईत तरी आता आतबट्ट्याचं वाटतं. जिल्ह्याच्या गावी ते अजून चालतं आणि तिथे त्याची गरजही आहे. सरकारच्या २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात हजार जन्मांमागे २० नवजात दगावले. महाराष्ट्रात हा आकडा ११ होता आणि केरळमध्ये ४. अकरा आणि चार यांतली सात बाळं मुख्यतः मुंबईबाहेर आहेत असं मला वाटतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत खेड्यातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजातांची काळजी घ्यायला लावली, आणि १९९९ साली जगाला दाखवलं की अशाने मृत्यू निम्म्याहून कमी होतात. आमचं काम त्याच्या पुढच्या पायरीवरचं. घरी ओळखलेलं आजारी बाळ ज्या दारात येतं, ते दार उघडं हवं.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेत तीन वर्षांची बालरोग रेसिडेन्सी आणि तीन वर्षांची फेलोशिप पुन्हा करावी लागते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत कन्सल्टंटचा, म्हणजे तिथल्या वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचा, मूळ पगार २०२४-२५ मध्ये साधारण १ लाख ५ हजार ते १ लाख ४० हजार पौंड होता, आणि तिथे रजा ही खरोखर रजा असते. जायचं असेल तर एमडीच्या आधी किंवा लगेच नंतर जावं. डीएम करून जाणं म्हणजे तीन वर्षं दोनदा देणं.

अजून एक खर्च भाचीच्या यादीत नव्हता, व्यावसायिक दायित्वाचा विमा, म्हणजे उपचारात चूक झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठीचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतला पडदा बिघडू शकतो, म्हणून जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी करायची असते. १९९६ साली चेन्नईत २९ आठवड्यांच्या एका मुलीची ही तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाला सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई द्यायला लावली. तो निकाल मला योग्यच वाटतो. मी तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिते आणि आईकडून मोठ्याने वाचून घेते.

चार वाजता चहा झाल्यावर आम्ही पुन्हा जळगावच्या कागदाकडे आलो. माझं म्हणणं असं पडलं की चार लाखांऐवजी साडेतीन घे, पण उरलेल्यात भर घालून दुसरा डॉक्टर नेमा असं सांग. महिन्यात दहा रात्री पूर्ण मोकळ्या, त्या लेखी. रात्री व्हेंटिलेटरच्या बाळामागे एक सिस्टर आहे का ते विचार, कारण सिस्टर कमी असतील तर कितीही शिकलेली डॉक्टर असली तरी बाळ जातं. आणि हे फोनवर विचारू नकोस, रात्री जाऊन बघ.

शनिवारी ती गाडीने जळगावला गेली. रात्री साडेबाराला तिचा मेसेज आला: खाटा १२, आत्ता बाळं ९, व्हेंटिलेटरवर २, सिस्टर ४, निवासी डॉक्टर १ आणि तो जागा आहे. सगळ्यात लहान बाळ ९४० ग्रॅमचं, आई खुर्चीत बसून त्याला छातीशी धरून आहे. खाली आणखी एक ओळ होती. दुसऱ्या डॉक्टरचं मालकांनी मान्य केलंय, पण तीन महिन्यांनी. मुंबईच्या रुग्णालयाकडून तिने आठवड्याची मुदत मागून घेतलीय.